बिरोबाची रातभराची ओवी जपायची आहे : ओवीमंडळाचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

यंदा भाद्रपदात आपल्या धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांमागं फिरणारे तळ, गावाकडं असतील, तेव्हा आपल्या देवळाच्या सभामंडपात बिरोबा देवाची अख्खी ओवी चार रात्रींत गाऊन घ्यायची आणि पहिल्या सुंबरानापासून, म्हणजे देवाच्या स्मरणापासून, शेवटपर्यंत तिचं ध्वनिमुद्रण करायचं, असं मंडळाच्या बैठकीत एकमतानं ठरलं आहे. त्यासाठी हे पत्र.

आपलं मंडळ कोण, हे तुम्हाला सांगायला नको. आरेवाडीच्या बनात, हुलजंतीला महालिंगरायाच्या भेटीच्या सोहळ्यात, चिंचलीला मायाक्काच्या दारात आपले ढोल वाजले आहेत. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं माणसं ओळखू येत नव्हती, तेव्हा आपल्या पोरांनी धरलेला गजी नाचाचा फेर बघून म्हातारी माणसं पुढं आली आणि कैताळ, म्हणजे मोठे झांज, हातात घेऊन उभी राहिली. हे सगळं तुमच्या जोरावर झालं. वारंगळ, कोइमतूरकडं असलेल्या आपल्या गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्या, बांधवांनी ढोलांच्या पहिल्या जोड्या घेऊन दिल्या. त्यांची दुकानं तिकडं, पण यात्रेचा दिवस ते कधी चुकवत नाहीत. मिरजेच्या एका निवृत्त गुरुजींनी आपल्या पेन्शनीतून पोरांचे फेटे आणि झगे शिवून दिले आणि नाव कुठंही लिहू नका म्हणून बजावलं. गुरुजी, नाव लिहिलेलं नाही, पण फेटा बांधताना प्रत्येक पोराला ठाऊक असतं. वरच्या वस्तीवरच्या आत्यांनी तर तालमीच्या दिवसांत घरची भाकरी-आमटी कधी कमी पडू दिली नाही. श्रावणातल्या दमट हवेत ढोल बसायला लागला की चुलीपुढं शेकायला जागाही त्याच देतात. या सर्वांचं ऋण मंडळावर आहे.

आता मुद्द्याचं. गजीचा ताल पोरांनी उचलला आहे, त्याची काळजी नाही. काळजी ओवीची आहे. रातभर ओवी चालवू शकतील असे आपल्याकडं तिघेच गायक उरलेत आणि तिघंही सत्तरीच्या पुढं आहेत. थोरले गायक उकिडवे बसतात, एक हात कानाला लावतात आणि ओळ सोडतात. तिचा शेवट मागचे झिलकरी, म्हणजे साथीचे गायक, उचलतात, लांब ओढत नेतात, तेवढ्यात पुढची ओळ थोरल्यांच्या ओठावर आलेली असते. मधे गाणं थांबतं, साध्या बोलीत गोष्ट पुढं सरकते, आणि पुन्हा सूर लागतो. सुरावंतीच्या पोटी देवाचा जन्म, कामाबाईशी लग्न, आणि वाटेतले माळ, ओढे, खिंडी, सगळं नावानिशी येतं. झिलकरी नसला की थोरल्यांनासुद्धा पुढचं आठवत नाही. म्हणून ही विद्या एकट्यानं घरात बसून शिकता येत नाही. माणसं जमवावी लागतात, रात्र काढावी लागते.

पूर्वी हे आपोआप होत होतं. दिवाळीनंतर वाडा हलला की कृष्णाकाठच्या रानात मेंढरं बसायची, शेतकरी खतापोटी धान्य द्यायचा आणि रात्री राखणीला जागी राहिलेली माणसं ओवी धरायची. आता म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, द्राक्षं आली, ऊस आला. आपल्या दुष्काळी भागाला ते हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण चराईची रानं कुंपणात गेली, दख्खनी मेंढीच्या लोकरीला कातरणीचा खर्च निघेल एवढाही भाव राहिला नाही, आणि निम्म्या घरांनी मेंढरं विकली. राखण संपली तिथं रातभराची बैठकही संपली.

एक गोष्ट मनाला लागलेली आहे, ती लिहितोच. मागं एका मोठ्या कार्यक्रमाला आपल्या गायकांना मानानं बोलावलं. सत्तरी ओलांडलेली माणसं दुपारपासून मांडवामागं बसून राहिली, आणि वेळ मिळाला दहा मिनिटं. बिरोबाचा जन्मही व्हायचा होता, तोवर पाहुण्यांच्या सत्कारासाठी माईक काढून घेतला. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर मात्र जर्मनीहून आले, मराठी शिकले, टेपरेकॉर्डर घेऊन धनगरांच्या वस्त्यांवर बसले. 1992 साली त्यांनी देह ठेवला. त्यांनी जपलेल्या बिरोबाच्या आणि धुळोबाच्या ओव्या 2014 साली इंग्रजीत छापून आल्या. लोकदैवतांचे अभ्यासक रा. चिं. तथा अण्णा ढेऱ्यांनी विठ्ठलाचा शोध घेताना पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाला मानाचं स्थान दिलं. एवढ्या थोर माणसांना जे मोलाचं वाटलं, त्यासाठी गेल्या वर्षी मंडळानं बैठक बोलावली, तर मोबाइलवर हात जोडणारे पुष्कळ होते आणि सतरंजीवर मोजकीच माणसं होती. त्या दिवशी थोरले गायक काही बोलले नाहीत, नुसते उठून गेले. यंदा तसं होऊ देऊ नका.

खर्च असा : ध्वनिमुद्रणाची साधनं व तंत्रज्ञ, तीन ढोल मढवणं, झिलकऱ्यांचा प्रवास, चार रात्रींचं जेवण, गायकांचं मानधन मिळून 1,80,000 रुपये. आजवर 55,000 जमा. मानधन ठरल्याप्रमाणे दिलं जाईल, त्यात काटछाट होणार नाही. ध्वनिमुद्रणावर हक्क गायकांचा राहील, त्यांना विचारल्याशिवाय ते कुठंही दिलं जाणार नाही. रोख रक्कम फक्त खजिनदारांकडं द्यावी व पावती घ्यावी. बाहेरगावच्या मंडळींनी त्यांनाच फोन करून खाते क्रमांक घ्यावा, दुसऱ्या कोणाच्या खात्यावर पैसे पाठवू नयेत. ज्वारी, तांदूळ, तेल, सरपण चालेल, देवळात पुजाऱ्यांकडं पोच करावं. कोणाच्या घरी जुन्या कॅसेटी असतील तर उतरवून घेऊन परत करू. धनगरी बोली समजणारी, लिहायला बसतील अशी कॉलेजची पाच-सहा पोरं-पोरी हवीत. आपल्या घरचं एक तरी पोर झिलकरी म्हणून चारही रात्री पाठवावं, दहावी-बारावीवाल्यांना सक्ती नाही. वीज जाते, त्यामुळं कोणाकडं इन्व्हर्टर असल्यास चार दिवस द्यावा. नागपंचमीपर्यंत कळवलंत तर बरं, तंत्रज्ञाला आगाऊ रक्कम द्यायची आहे. पहिल्या रात्री आठ वाजता सुंबरान मांडलं जाईल, त्याआधी जेवण होईल.

बिरोबाच्या नावानं चांगभलं!

आपला,
सचिव, ओवीमंडळ