सॅफ कप म्हणजे नुसती भारताची घरची ट्रॉफी नाही हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या क्रीडा पानावर सॅफ चॅम्पियनशिपची, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या फुटबॉल स्पर्धेची, छोटीशी चौकट वाचली. भारत ९ वेळा जिंकलाय, बाकीचे नावालाच, असा एकंदर सूर. आकडा बरोबर आहे, पण सूर काही पटला नाही.

१९९९ ला ही स्पर्धा मडगावला होती, आम्ही चार पोरं सावंतवाडीहून फातोर्ड्याला फायनल बघायला गेलेलो, बांगलादेशला २-० हरवलं, एक गोल आपल्या गोव्याच्या ब्रुनो कुतिन्होचा आणि एक भुतियाचा, स्टेडियम नुसतं दणाणत होतं. तेव्हा मलाही वाटायचं की हा कप आपलाच.

पण मग २००८ बघा ना. मालदीव! आपल्या एखाद्या तालुक्याएवढी वस्ती असलेला देश, आणि कोलंबोच्या फायनलमध्ये आपल्याला १-० ने हरवून कप घेऊन गेला, बरं नशीब म्हणावं तर २०१८ ला ढाक्यात परत तेच, २-१. त्यांचा अली अशफाक, सॅफमध्ये २३ गोल, तिथपर्यंत पोचायला आपल्या छेत्रीला २०२३ उजाडलं. किती जणांना माहितीय हे नाव?

आणि अफगाणिस्तान. २०११ ला दिल्लीत आपण त्यांना ४ गोल मारले आणि दोनच वर्षांनी काठमांडूत त्याच टीमने आपल्याला २-० ने लोळवलं. घरी युद्ध चालू, निम्मे प्लेअर परदेशात वाढलेले, आणि त्या रात्री काबूलमध्ये लोक रस्त्यावर नाचत होते. मी भारताचाच फॅन, तरी त्या दिवशी फार वाईट वाटलं नाही, खरं सांगतो. श्रीलंकेचंही तसंच, १९९६ चा क्रिकेट वर्ल्ड कप सगळ्यांना पाठ, पण त्याच्या आदल्या वर्षी कोलंबोत त्यांनी फायनलमध्ये आपल्याला हरवून हा फुटबॉलचा कप जिंकलेला ते कोणाच्या गावी नाही.

२०२३ ला बंगळुरूत तर कुवेत आणि लेबनॉनला पाहुणे म्हणून बोलावलं, फायनल कुवेतशीच झाली, १-१, पेनल्टीवर ५-४ ने कसेबसे सुटलो. घरची स्पर्धा म्हणे!

आणि हो, चौकटीत १९९३ ची लाहोरची 'सॅफ फायनल' छापलीय. तेव्हा नाव सार्क गोल्ड कप होतं, चारच टीम होत्या आणि फायनल नव्हतीच, साखळीत जो वर तो चॅम्पियन. तेवढी दुरुस्ती छापाच.

तुमचा जुना वाचक,
सावंतवाडी