पेशंटजवळच्या मावशींना शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. अजूनही ओळखीच्या घरांतून बोलावणं येतं, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: "सिस्टर, बाबांच्या पाठीला जखम झालीय, जरा बघून जाता का?" घरात, पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या मावशी असतात, बारा तासांची ड्युटी करतात, पेशंटला मायेनं भरवतात. पण दर दोन तासांनी कूस बदलायची हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणारी जखम, ही औषधानं बरी करण्यापेक्षा हातानं टाळायची गोष्ट आहे. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर या जागा रोज अंग पुसताना पाहायच्या. लालसर किंवा काळपट डाग दिसला तर बोटानं दाबून बघायचं. दाबल्यावरही रंग फिका होत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथं हात लावून ऊब आणि कडकपणा ओळखावा लागतो. पूर्वी आम्ही वॉर्डात पाठीला स्पिरिट लावून पावडर चोळत असू. आता लाल झालेल्या जागी चोळूच नये असं शिकवतात, कारण आतली नाजूक त्वचा त्यानं आणखी दुखावते. घरोघरी मात्र ते चोळणं चालूच आहे, आणि हवेची रबरी रिंगही अजून विकत आणली जाते. तिच्या कडेचा दाब पडून भोवतीचा रक्तपुरवठाच कमी होतो. एअर बेड घेतला म्हणून कूस बदलणं सुटत नाही, हेही घरच्यांना सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट नाकातल्या नळीची. पेशंट आडवा असतानाच नळीतून दूध किंवा पेज सोडलेली मी पाहिली आहे. ते उलटून श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो, आणि ऐंशीच्या घरातल्या माणसाला तो झेपत नाही. डोक्याकडची बाजू निदान ३० ते ४५ अंश उचललेली हवी, भरवल्यावर अर्धा-पाऊण तास तशीच ठेवावी. नळीवर नाकपुडीपाशी केलेली खूण सरकलेली दिसली तर काहीही न सोडता आधी सिस्टरला किंवा डॉक्टरला फोन करावा. लघवीची पिशवी कमरेच्या वर उचलायची नाही, जमिनीला टेकवायची नाही. लकवा झालेल्या माणसाला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. यातलं काहीही दहावी नापास बाईला समजणार नाही असं नाही. करून दाखवलं की आठवडाभरात हाताला सवय होते.

पण माझं खरं मागणं याच्या पुढचं आहे. पेशंटमधला बदल सगळ्यांत आधी मावशींनाच दिसतो. मुलगा रात्री येतो, डॉक्टर महिन्यातून एकदा, मावशी दिवसभर तिथं. पहाटे मधुमेही आजी घामानं भिजल्या, असंबद्ध बोलायला लागल्या तर 'वय झालं, बरळतात' म्हणून सोडून देतात. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली असेल तर, गिळता येत असल्यास, तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही, सरळ १०८ ला फोन. तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोलणं जडावलं तर 'थोडा वेळ पडू दे' म्हणण्यात वेळ घालवायचा नाही. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते मावशींनी लक्षात ठेवून सांगायला हवं. श्वास मोजायला तर यंत्रही लागत नाही, सेकंदकाट्याचं घड्याळ पुरतं. शांत पडलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास असतात. ते तिशीपर्यंत गेले तर ताप नसला तरी कळवायलाच हवं. आणि मावशी कळवतील तेव्हा घरच्यांनी आणि डॉक्टरांनी ते कान देऊन ऐकावं. "तुम्हाला काय कळतं" असं एकदा ऐकलेली बाई पुढच्या वेळी गप्प बसते.

काय करायचं नाही हेही त्यांना ठामपणे ठाऊक हवं. सलाइन लावणं, शिरेत इंजेक्शन देणं, नाकातली किंवा लघवीची नळी घालणं ही त्यांची कामं नव्हेत. चार पैसे वाचावेत म्हणून घरचे त्यांना गळ घालतात. नर्सिंगच्या ए.एन.एम. अभ्यासक्रमासाठी दोन वर्षं आणि जी.एन.एम.साठी तीन वर्षं घालवावी लागतात, ती उगाच नाही. मावशींनी 'हे मी करणार नाही' म्हटलं तर ब्युरोनं त्यांच्या पाठीशी उभं राहायला हवं.

केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत 'जनरल ड्युटी असिस्टंट' आणि 'होम हेल्थ एड' हे पेशंटची देखभाल शिकवणारे अभ्यासक्रम आहेत. पण घरी येणाऱ्या मावशींना त्याबद्दल विचारलं तर बहुतेकींनी नावही ऐकलेलं नसतं. नर्सिंगसाठी १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नवा कायदा झाला, तोही रीतसर शिकलेल्या परिचारिकांसाठी. म्हणून राज्य सरकारनं जिल्हा रुग्णालयांच्या नर्सिंग शाळांमध्ये या बायकांसाठी मराठीतून, पुतळ्यावर करून दाखवणारे वर्ग सुरू करावेत. शेवटी लेखी परीक्षा नको. कूस बदलून दाखवा, साबणानं हात धुऊन दाखवा, नाडी मोजून दाखवा, एवढं पुरे. जिला हे जमेल तिला ओळखपत्र द्यावं, आणि ते असल्याशिवाय ब्युरोनं कुणाला पेशंटकडे पाठवू नये. आणि प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी सरकारनं द्यावी, कारण एक दिवस खाडा झाला तर यांच्या घरचा किराणा अडतो. फुकट वर्ग भरवले तरी त्या येऊ शकणार नाहीत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा