खुर्ची देण्याआधी माणसाचं माप घ्या

मा. मंत्री,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी गुहागर तालुक्यातली. नारळी-पोफळीची वाडी, जांभ्याचं घर, रस्त्यावरून घराकडे यायला पाखाडीच्या अकरा पायऱ्या. 2021 च्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ नारळ पाडायला माडावर चढला आणि वरून कोसळला. मणका गेला. कमरेखाली त्याला ना हालचाल आहे, ना काही जाणवतं. माडावरून, आंब्यावरून पडलेली माणसं आमच्या भागात कुणाला नवी नाहीत.

पुढच्या वर्षी तालुक्याला शिबिर झालं. मांडव घातला होता, भाषणं झाली, नावं पुकारली आणि ओळीने लावलेल्या व्हीलचेअरपैकी एक त्याच्या वाट्याला आली. आम्ही हात जोडून ती घेतली. त्याचं माप कुणी घेतलं नाही, घराची वाट कशी आहे हे कुणी विचारलं नाही. सगळ्या खुर्च्या एकाच मापाच्या, 18 इंच रुंद. माझ्या भावाची बसल्यावरची रुंदी साडेचौदा इंच.

या साडेतीन इंचांनी काय केलं ते सविस्तर सांगते. रेक्झिनची बैठक महिन्याभरात झोळीसारखी खाली आली. तो एका अंगावर कलायचा, कंबर पुढे घसरायची आणि सगळा भार माकडहाडावर यायचा. कलंडू नये म्हणून एक हात कायम खुर्चीच्या दांड्यावर. “ताई, खुर्ची मला धरत नाही, मीच तिला धरून बसतो,” असं तो म्हणायचा. एका सकाळी अंग पुसताना आईला माकडहाडाजवळ रुपयाएवढा लाल डाग दिसला. दुखत नव्हता, कारण तिथलं त्याला कळतच नाही. आम्ही खोबरेल लावलं. पंधरा दिवसांत कातडी फाटली, मग खड्डा पडला. ती जखम भरायला सात महिने लागले. ते सात महिने तो पालथा पडून होता आणि खुर्ची पडवीत उभी होती. खाऱ्या हवेने आणि पावसाने तिची पुढची चाकं गंजून जाम झाली.

भार काढल्यावरही जात नाही तो लाल डाग म्हणजे जखमेची सुरुवात, हे आम्हाला शिबिरात कुणी सांगितलं असतं तर? दोन मिनिटांचं काम होतं.

शेवटी गाडी करून त्याला मुंबईला नेलं. तिथल्या थेरपिस्ट बाईंनी आधी त्याला टणक बाकावर बसवलं आणि मोजपट्टी काढली. कंबर किती, मांडी किती लांब, गुडघ्यापासून टाच किती. बैठकीची कड आणि गुडघ्यामागची लवण यांत दोन बोटांची जागा हवी, नाहीतर कंबर पुढे ओढली जाते. पायदान उंच झालं तर मांड्या उचलल्या जातात आणि सगळं वजन बसायच्या हाडांवर येतं. नवी उशी ठेवल्यावर त्यांनी त्या हाडांखाली हात सरकवून पाहिलं, बोटं हलतात की चेपतात ते. दर अर्ध्या तासाने पुढे झुकून भार कसा हलका करायचा, हे त्याच्याकडून चार वेळा करून घेतलं. आणि घरासमोर काय आहे, हेही विचारलं. आमच्या कातळावर आणि वाळूत बारीक पुढची चाकं रुततात. तिथे मोठी, रुंद चाकं आणि पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली खुर्ची लागते.

यात नवीन काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 सालीच व्हीलचेअर देण्याचे आठ टप्पे सांगितले. तपासणी, खुर्चीची निवड, अंगाला बसवून पाहणं, वापरायला शिकवणं, नंतरची पाहणी आणि दुरुस्ती, हे सगळं त्यात आहे. 2023 मध्ये त्यांनी नवी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. आमच्या शिबिरात यातलं काहीच झालं नाही, खुर्ची फक्त हातात दिली. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था 1955 पासून हे काम करते आहे. पण जखम असलेल्या माणसाने गुहागरहून आठ तास गाडीत बसून तिथवर जायचं कसं?

2022 च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी वेगळा विभाग झाला, तेव्हा आम्हाला खरंच आनंद झाला होता. म्हणूनच आपल्याकडे मागते. माप घेतल्याशिवाय आणि उशीशिवाय एकही खुर्ची देऊ नका. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात बैठकीचं प्रशिक्षण घेतलेला एक थेरपिस्ट नेमा, आणि खुर्ची दिल्यावर महिन्याभराने त्याने घरी जाऊन पाहणी करावी. ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठीच्या 5 टक्के निधीतून चाकं, बेअरिंग आणि घराच्या उतारासाठी पैसे मिळू द्या.

माझा भाऊ आता पडवीत बसून सुपारी सोलतो. दोन्ही हातांनी. दांडा धरावा लागत नाही.

त्या शिबिरात त्याच्याबरोबर आणखी कितीतरी जणांना तशाच खुर्च्या मिळाल्या. त्यांची यादी सरकारदरबारी असेलच. येत्या 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, नवीन वाटप करण्याआधी त्या यादीतल्या प्रत्येकाच्या घरी एक माणूस पाठवा. खुर्ची वापरात आहे का आणि अंगावर जखम आहे का, एवढं पाहून यायला सांगा.

आपली,
गुहागर तालुक्यातील एक बहीण