सरसकट ‘घुसखोर’ नको

अमेरिकेतून परत पाठवलेल्या भारतीयांविषयीच्या आपल्या बातमीच्या मथळ्यात सर्वांनाच ‘घुसखोर’ म्हटले आहे. त्याला माझी हरकत आहे. घुसखोर म्हणजे चोरून शिरलेला. रीतसर व्हिसावर जाऊन मुदतीनंतर राहिलेला माणूस त्यात बसत नाही. तिथल्या कायद्यात विनापरवाना सीमा ओलांडणे हा फौजदारी गुन्हा आहे, तर नुसते मुदतीबाहेर राहणे हे दिवाणी स्वरूपाचे उल्लंघन.

ही दुसरी चूक किती सहज घडते पाहा. मुलांकडे जाणाऱ्या पुण्यातल्या आईवडिलांच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा बहुधा दहा वर्षांचा असतो. मुक्काम मात्र ठरतो तो प्रवेशावेळच्या ‘आय-९४’ नोंदीवरून, साधारणपणे सहा महिने. ही नोंद ऑनलाइन असते. ती काढून पाहिली नाही, तर व्हिसावरची तारीखच खरी वाटते आणि मुदत उलटते. अशांना घुसखोर म्हणायचे का?

‘कागदपत्रे नसलेले’ हेही इथे चुकते, कारण पासपोर्ट हाती असतोच. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने २०१३ मध्ये माणसाला ‘बेकायदा’ हे विशेषण लावणे थांबवले. कृतीला लावणे चालू ठेवले. मराठीतही ‘मुदत उलटून राहिलेले’, ‘विनापरवाना सीमा ओलांडलेले’ असे नेमके लिहिता येते. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असेल तर ‘आश्रयार्थी’. आणि कोण कोणत्या गटातला हे बातमीदाराला कळलेच नसेल, तर ‘परत पाठवलेले भारतीय’ एवढे मथळ्याला पुरते.

– एक वाचक, कोथरूड, पुणे