आशाताईंच्या अनुभवाला प्रवेशाच्या नियमांत स्थान हवे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की एएनएम (सहाय्यक परिचारिका व प्रसाविका) आणि त्याच्या वरच्या पायरीचा जीएनएम (सर्वसाधारण परिचर्या व प्रसाविका) या अभ्यासक्रमांच्या प्रवेशाची लगबग सुरू होते. जत तालुक्याच्या पूर्व भागात आधी आरोग्य सेविका आणि पुढे आरोग्य सहाय्यिका म्हणून माझी सारी नोकरी झाली. त्यामुळे निवृत्तीनंतरही गावोगावच्या मुली आणि आशाताई, म्हणजे गावातच आरोग्याचे काम करणाऱ्या आशा स्वयंसेविका, प्रवेशाचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. मुलींचे कागद बहुधा जुळतात. आशाताईंचे जुळत नाहीत, आणि ज्या कारणाने जुळत नाहीत ते कारण मला न्याय्य वाटत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या हद्दीतल्या एका आशाताईंचे उदाहरण देते. निवड झाली तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या आणि दहावी उत्तीर्ण होत्या. दवाखान्यात बाळंत होऊन आलेल्या प्रत्येक बाईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे, बाळाला झोळीच्या काट्यावर तोलायचे, अंगाचा ताप बघायचा, मिनिटभर श्वास मोजायचे आणि बाळ अंगावर नीट पिते आहे ना याची खात्री करायची, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. आमच्याकडे बऱ्याच घरांत कन्नड बोलली जाते. सासूला कन्नडमधून आणि सुनेला मराठीतून एकच गोष्ट पटवून देण्याची त्यांची हातोटी मी कोणत्याही प्रशिक्षित परिचारिकेत पाहिली नाही. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावात परतली की कोणत्या लेकराचा कोणता डोस राहिला आहे, हे त्या वही न उघडता सांगत. मुलगा दहावीला होता त्या वर्षी त्यांनी स्वतः सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि इंग्रजी विषयासह बारावी उत्तीर्ण झाल्या. त्यानंतर एएनएमच्या प्रवेशासाठी गेल्या, तेव्हा त्यांना छत्तिसावे वर्ष संपून काही महिने झाले होते. वयाची मर्यादा पस्तीस वर्षांची असल्याने त्यांचा अर्ज खिडकीवरूनच परत आला. त्या कर्मचाऱ्याने नियमाप्रमाणेच केले. माझा प्रश्न नियमाविषयी आहे.

आशा योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. निवडीचे निकष शासनानेच ठरवले: बाई त्याच गावची रहिवासी असावी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी आणि वय शक्यतो २५ ते ४५ असावे. यामागचा विचार योग्यच होता, कारण लग्न होऊन परगावी जाणारी मुलगी घेतली तर तिला दिलेले प्रशिक्षण गावाला उपयोगी पडत नाही. परंतु याच बाईने पुढे शिकायचे ठरवले की भारतीय परिचर्या परिषदेची अट समोर येते की प्रवेशाच्या वेळी वय १७ ते ३५ असावे. एक नियम पंचविशीनंतर या म्हणतो, दुसरा पस्तिशीनंतर येऊ नका म्हणतो. चाळिसाव्या वर्षी निवडली गेलेली आशा पहिल्या दिवसापासूनच या वाटेबाहेर असते, आणि तिला ते कोणी सांगतही नाही. संसार आणि गाव यांत रुजलेली बाई म्हणून जिची निवड झाली, तिला त्याच रुजलेपणामुळे पुढचे दार बंद व्हावे, यात मला अन्याय दिसतो.

वयाची अट पवित्र आणि अढळ आहे, असेही नाही. जीएनएमच्या प्रवेशात नोंदणीकृत एएनएमना कमाल वयाची मर्यादा लागू होत नाही. जी सेवेत आहे तिने वय झाले तरी पुढे शिकावे, हे तत्त्व तिथे मान्य झाले आहे. मग तेच तत्त्व एका पायरीने खाली का उतरू नये?

पुरुष आरोग्य सेवकांच्या बाबतीत आपल्या राज्याने याहून उदार भूमिका घेतली आहे. जिल्हा परिषदेच्या भरतीत या पदाच्या निम्म्या जागा हिवताप प्रतिबंधाच्या फवारणीचे ९० दिवसांचे हंगामी काम केलेल्या उमेदवारांसाठी असतात. शैक्षणिक अट विज्ञान विषयासह दहावीची आहे, आणि बारा महिन्यांचे मूलभूत प्रशिक्षण झालेले नसेल तर ते नियुक्तीनंतर पूर्ण करता येते. ही भरतीची अट आहे, प्रवेशाची नव्हे, हा फरक मी जाणते. फवारणीच्या त्या कष्टांबद्दल मला आदर आहे आणि त्या बांधवांची एकही जागा कमी व्हावी असे मला वाटत नाही. पण नव्वद दिवसांच्या कामाला जिथे निम्म्या जागांचे मोल मिळते, तिथे दहा वर्षांच्या गृहभेटींना प्रवेशाच्या रांगेत उभे राहण्याइतकेही मोल नसावे, हे गावातल्या बाईला मी कसे समजावून सांगू?

यावर कोणी म्हणेल की पात्रता सैल केली तर दर्जा घसरेल. मी स्वतः दहावीनंतर अठरा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन या सेवेत आले. माझ्या पिढीतल्या बहुतेक जणी तशाच आल्या. पुढे अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि प्रवेश बारावीनंतरचा झाला, आणि तो बदल मला योग्य वाटतो. औषधांची नावे, मात्रांचा हिशोब, संगणकावरच्या नोंदी यांसाठी ते शिक्षण लागते. म्हणून बारावीची किंवा इंग्रजीची अट काढावी, असे मी म्हणत नाही. दोन वर्षांचा अभ्यास, प्रात्यक्षिके, शेवटची परीक्षा आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हे सर्व जसेच्या तसे राहावे. परीक्षेत जी नापास होईल ती नापास. तिला परीक्षेला बसता यावे, एवढेच मागणे आहे.

आशांना एएनएम आणि जीएनएम प्रशिक्षणात प्राधान्य द्यावे, ही भूमिका राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मात्र जी आधी पात्र ठरते तिलाच प्राधान्य मिळते, आणि वयाच्या अटीने जी पात्रच ठरत नाही तिच्यापर्यंत ते पोहोचत नाही. त्यासाठी किमान पाच वर्षे काम केलेल्या आशांना कमाल वयात सवलत मिळावी आणि प्रत्येक जिल्ह्यातील शासकीय एएनएम प्रशिक्षण केंद्रात काही निश्चित जागा त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात. त्या जागांची गुणवत्ता यादी नुसत्या परीक्षेच्या गुणांवर लावू नये, पूर्ण केलेली प्रशिक्षणे आणि सेवेची वर्षे यांनाही त्यात गुण असावेत. नुकत्याच बारावी झालेल्या मुलींच्या जागा यातून कापल्या जाऊ नयेत, त्यासाठी या जागा वाढीव असाव्यात. वयाची सवलत केवळ राज्याच्या हाती नाही हे खरे, पण राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केला आहे आणि त्याखालचे नियम लिहिले जाताना महाराष्ट्राने ही मागणी लेखी मांडावी.

एक अडचण मात्र जागा राखूनही सुटणार नाही. जतच्या पूर्व टोकाच्या बाईला दोन वर्षे घर सोडून सांगली-मिरजेला राहायचे तर त्या काळात आशाचा मोबदला बंद होतो आणि घरखर्च तर चालूच राहतो. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ची वाट दाखवून पिढ्या घडवल्या. त्याच धर्तीवर अशा आशाताईला प्रशिक्षणाच्या काळात निदान तिच्या सरासरी मोबदल्याइतके विद्यावेतन द्यावे आणि त्या बदल्यात तिने काही वर्षे आपल्याच तालुक्यातील उपकेंद्रावर काम करण्याची हमी द्यावी.

आमच्या जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने पुढील वर्षाची प्रवेशाची जाहिरात निघण्यापूर्वी हा विषय शासनाकडे न्यावा, अशी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून विनंती करते. ज्या ताईंचे उदाहरण मी दिले, त्यांनी परत आलेला तो अर्ज जपून ठेवला आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका
जत, जि. सांगली