हर्णै बंदरावरच्या त्या काकांचे आणि दादाचे मनापासून आभार

दापोलीकडे जाताना आमच्या कॅराव्हॅनच्या फायबरच्या छताला फांदी लागली आणि व्हेंटच्या (हवेच्या झरोक्याच्या) कोपऱ्यापासून चांगला हातभर तडा गेला, एका गॅरेजवाल्यानं तर अख्खं छत बदला म्हणत 70 हजार सांगितले, ऐकूनच पोटात गोळा आला. मग हर्णै बंदरावर होड्यांचं फायबरकाम करणारे एक काका आणि त्यांच्यासोबतचा दादा स्वतःहून वर चढून बघून आले. सिलिकॉन अजिबात भरू नका म्हणाले, त्यावर रेझिन, म्हणजे फायबर चिकटवायचं रसायन, धरत नाही. तडा पुढे पळू नये म्हणून दोन्ही टोकांना ड्रिलनं बारीक भोक पाडलं, कडा घासून उतरत्या केल्या, ओल पूर्ण सुकू दिली, ॲसिटोननं पुसलं आणि रेझिन लावून मॅटचे (काचतंतूंच्या कापडाचे) 3 थर दिले, आणि प्रत्येक थरातले हवेचे बुडबुडे काका ब्रश उभा धरून ठोकून ठोकून काढत होते, स्वतःच्या होडीला करावं तसं. सामानाचे 2,200 रुपये झाले, मजुरी घेतलीच नाही, वर चहा पाजला! काल रात्रभर पाऊस कोसळला, आत एक थेंब नाही. काका, दादा, तुमची नावं विचारायची राहिली हो, खूप खूप आभार.