बॅनरची अदलाबदल : ‘मोफत’ प्रसिद्धीचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छोट्या संकेतस्थळांच्या प्रसिद्धीविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात बॅनर (पानावरची, क्लिक करता येणारी जाहिरातीची पट्टी) अदलाबदल सेवांचा उल्लेख ‘मोफत आणि बिनधोक मार्ग’ असा एका वाक्यात उरकला आहे. या सेवांना पैसे द्यावे लागत नाहीत हे खरे असले, तरी त्या मोफत नाहीत आणि बिनधोक तर मुळीच नाहीत. एखादी सेवा निवडण्यापूर्वी तिच्या जाहिरातीतल्या आकड्यांपलीकडे काय तपासावे, याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

व्यवहार वरवर साधा आहे. सेवेने दिलेला कोड आपण आपल्या पानांवर बसवायचा, त्या जागेत इतर सभासदांचे बॅनर दिसतात, प्रत्येक दर्शनामागे आपल्या खात्यात क्रेडिट जमा होते आणि ते खर्ची पडून आपला बॅनर इतरांच्या पानांवर झळकतो. मेख आहे ती प्रमाणात. ‘दोनास एक’ याचा अर्थ, आपण दुसऱ्यांचे बॅनर दोनदा दाखवले की आपला एकदा दाखवला जाणार. उरलेले एक दर्शन सेवाचालकाच्या हाती राहते आणि तो ते पैसे मोजणाऱ्या जाहिरातदाराला विकू शकतो. १९९६ साली सुरू झालेली लिंकएक्स्चेंज ही या प्रकारातली सर्वांत गाजलेली सेवा याच उरलेल्या निम्म्यावर उभी होती, आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती सुमारे २६.५ कोटी डॉलरना घेतली. सेवा चालवायला खर्च येतो, तेव्हा चालकाने काही वाटा ठेवणे गैर नाही. पण लहान संकेतस्थळांनी ‘फुकट’ म्हणून देऊ केलेल्या जागेला बाजारात काय मोल येऊ शकते, ते या व्यवहारातून दिसले.

या प्रमाणाचा खरा परिणाम आकडे मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. समजा, एखाद्या संकेतस्थळाची पाने महिन्याला १०,००० वेळा पाहिली जातात आणि प्रत्येक पानावर अदलाबदलीचा एक बॅनर आहे. दोनास एक या दराने त्याला बाहेर ५,००० दर्शने मिळतील. क्लिकचे प्रमाण दोन्हीकडे हजारी दोन धरले, तर बाहेरून १० वाचक आत येतील आणि त्याच महिन्यात आपल्या पानांवरून २० वाचक बाहेर जातील. हजारी दोनऐवजी हजारी पाच धरा किंवा एक धरा, येणाऱ्या एकामागे जाणारे दोन हे गणित बदलत नाही. तोट्यात न जाण्यासाठी आपला बॅनर इतर सभासदांच्या सरासरी बॅनरपेक्षा दुप्पट परिणामकारक असावा लागतो, आणि प्रत्येक सभासदाला आपला तसाच आहे असे वाटत असले, तरी सगळ्यांचेच बॅनर सरासरीच्या दुप्पट असू शकत नाहीत.

यावर असा आक्षेप घेता येईल की, बाहेर गेलेला वाचक तसाही जाणारच होता. बॅनर लेखाच्या शेवटी असेल, तर तो बराचसा मान्य करावा लागेल, कारण तिथवर पोचलेल्याचे वाचन संपलेले असते. मात्र बॅनर पानाच्या वरच्या भागात, स्क्रोल न करता दिसेल असाच लावावा, अशी अट काही सेवा घालतात, आणि त्या जागी तो आलेल्या माणसाला पहिली ओळ वाचण्याआधीच दुसरीकडे बोलावतो. म्हणून नियमावलीत जागेविषयीचे कलम सर्वांत आधी वाचावे, असे माझे मत आहे. प्रमाण एकास एक असले तरीही.

दुसरा प्रश्न ‘दर्शन’ कशाला म्हणायचे याचा. सेवेच्या सर्व्हरवरून बॅनर पाठवला गेला की दर्शन मोजले जाते, की तो खरोखर कोणाच्या डोळ्यांसमोर आला तर? जाहिरात उद्योगात २०१४ पासून प्रचलित असलेल्या निकषानुसार साध्या बॅनरचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर असेल, तरच तो ‘पाहण्याजोगा’ ठरतो, आणि हा निकषही तसा उदारच आहे. अदलाबदल सेवा एवढेही मोजत नसेल, तर पानाच्या तळाशी दडवलेले बॅनर, आपोआप पुन्हा पुन्हा लोड होणारी पाने आणि माणसाऐवजी बॉटने (आपोआप पाने उघडणाऱ्या प्रोग्रामने) केलेल्या भेटी, हे सारे क्रेडिट म्हणून जमा होत राहते. प्रामाणिक सभासद आपली खरी दर्शने देतो आणि बदल्यात अशी पोकळ दर्शने पदरात घेतो. सभासद होताच हजारो क्रेडिट भेट देणाऱ्या सेवांकडे तर अधिकच साशंकतेने पाहावे, कारण ज्या क्रेडिटमागे कोणाच्याही पानावरची जागा नाही, ते वाटले की बाकीच्यांच्या क्रेडिटची किंमत घसरते.

बॅनरवर पूर्वी लोक उत्सुकतेने क्लिक करीत. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी हॉटवायर्ड या संकेतस्थळावर झळकलेल्या एटी अँड टी या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या ४६८ गुणिले ६० पिक्सेलच्या पट्टीवर पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी क्लिक केले, असे सांगितले जाते. ते नवलाईचे दिवस फार टिकले नाहीत. १९९८ मध्येच बेनवे आणि लेन या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की, पानावर काही शोधणारे लोक मोठ्या, भडक, बॅनरसारख्या दिसणाऱ्या दुव्यांकडेच नेमके दुर्लक्ष करतात, मग त्यांना हवी असलेली माहिती त्या दुव्यामागेच का असेना. शिवाय आज जाहिराती अडवणारी साधने वापरणाऱ्यांना बॅनर दिसतच नाही. अशा स्थितीत दर्शनांची संख्या ही सेवेची प्रौढी मिरवण्याची गोष्ट उरली आहे. सभासदाला तिचा उपयोग थोडा.

उपयोग आहे तो विषयाच्या जुळणीचा. पक्षीनिरीक्षणावरच्या संकेतस्थळाचा बॅनर मोबाइल गेमच्या पानावर लाखभर वेळा दिसण्यापेक्षा निसर्गविषयक पानावर काही हजार वेळा दिसणे केव्हाही हिताचे. तेव्हा आपला बॅनर कोणत्या वर्गात दिसेल हे ठरवण्याचा आणि नको ते बॅनर आपल्या पानावर नाकारण्याचा, असे दोन्ही अधिकार सेवा देते का, हे पाहावे. दुसरा अधिकार नसेल तर पुढचे काही तपासण्याची गरज नाही, कारण आपल्या पानावर जुगाराची किंवा चमत्कारी औषधांची जाहिरात दिसली, तर वाचक दोष आपल्यालाच देतो.

परिणाम मोजताना सेवेच्या अहवालावर विसंबू नये. प्रत्येक सेवेसाठी बॅनरमागच्या पत्त्याला वेगळी खूण जोडावी, आलेल्या भेटी आपल्या सर्व्हरच्या नोंदींत किंवा भेटी मोजणाऱ्या अॅनालिटिक्स साधनात पाहाव्यात, बॉट वगळावेत आणि मग आलेल्यांपैकी किती जणांनी दुसरे पान उघडले, किती जण पुन्हा आले, किती जणांनी नोंदणी केली, हे बघावे. एका वेळी एकच सेवा वापरावी आणि घाईने निष्कर्ष काढू नये. महिन्याला दहाच क्लिक येत असतील, तर एका महिन्यात सात आणि दुसऱ्यात तेरा येणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो. त्यावरून नवा बॅनर जुन्यापेक्षा सरस ठरल्याचे सांगणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय. काही काळ कोड पूर्ण काढून ठेवावा आणि त्या अवधीत आपले वाचक एरवीपेक्षा अधिक पाने वाचतात का, हेही पाहावे. ही शेवटची तपासणी सहसा कोणी करीत नाही, कारण बाहेर गेलेला वाचक सेवेच्या अहवालात तोटा म्हणून दिसत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा याहून गंभीर आहे. दुसऱ्याची स्क्रिप्ट, म्हणजे पान उघडताच आपोआप चालणारा कोड, आपल्या पानात बसवणे म्हणजे त्या पानावर काय घडेल हे ठरवण्याचा अधिकार त्याला देणे. तो आज सचोटीचा असेल. पण सेवा उद्या विकली गेली, किंवा बंद पडून तिचे डोमेन भलत्याच माणसाने विकत घेतले, तर तीच स्क्रिप्ट आपल्या वाचकांना फसव्या पानांवर नेऊ शकते किंवा त्यांचा माग काढू शकते, आणि आपल्या फाइलींत एक अक्षरही बदललेले नसल्याने आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. साधे चित्र आणि साधा दुवा, किंवा निर्बंध घातलेली वेगळी चौकट, एवढ्यावर काम भागवणारी सेवा त्या मानाने बरी. सेवेचा सर्व्हर संथ असला की आपले पानही रेंगाळते, हा आणखी एक तोटा.

‘आमच्याकडे सभासद व्हा, शोधयंत्रांत वर या’ असे आश्वासन देणारी सेवा मात्र सरळ नाकारावी. परस्परांना दुवे देण्याच्या अतिरेकी व्यवहारांना गूगल आपल्या धोरणात गैरप्रकार मानते, आणि जाहिरातीचा दुवा क्रमवारीसाठी धरू नये असे शोधयंत्राला सांगणारी खूण करण्यासाठी ‘नोफॉलो’ २००५ पासून व ‘स्पॉन्सर्ड’ २०१९ पासून उपलब्ध आहे. खूण केलेल्या दुव्याने क्रमवारीत लाभ होईल असे धरून चालता येत नाही, आणि लाभासाठी खूण टाळली तर कारवाईची शक्यता असते.

मग हा मार्ग सर्वांनी सोडून द्यावा का? मला तसे वाटत नाही. ज्यांचे वाचक एकमेकांच्या विषयात रस घेणारे आहेत, अशा दोन-चार संकेतस्थळांच्या चालकांनी मध्यस्थाशिवाय आपसांत बॅनर लावणे आजही उपयुक्त आहे. त्यात प्रमाण एकास एक राहते, परक्याची स्क्रिप्ट लागत नाही आणि समोरच्याचे पान आपण स्वतः उघडून पाहू शकतो. ते शक्य नसलेल्या नव्या चालकाने सेवा घ्यावी, परंतु मुदत ठरवून. आणि बाहेर पडताना कोड मुख्य साच्यातूनच नव्हे, तर प्रत्येक जुन्या पानातून काढला गेला आहे याची खात्री करावी, कारण शिल्लक क्रेडिट खात्यासोबत संपते, पण एखाद्या विस्मृत पानावर राहिलेला कोड त्यानंतरही दुसऱ्यांचे बॅनर दाखवत राहू शकतो.

आपला नम्र,
एक वाचक